वेब्ली अँड स्कॉट .३२: ‘पोलिसांचं पिस्तूल’ म्हणून जादा पैसे मोजण्याआधी

बेळगाव-निपाणीकडे जुनं वेब्ली, म्हणजे ब्रिटिश कंपनीचं .३२ इंची नळीचं पिस्तूल, विक्रीला निघालं की एक वाक्य ठरलेलं: ‘मेट्रोपॉलिटन पोलीस मॉडेल आहे.’ या वाक्याचे वेगळे पैसे लावतात. नाव खरं आहे, पण त्याचा अर्थ गिऱ्हाईक समजतो तो नाही.

डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या हाउंड्सडिच भागात चोरांच्या गोळीबारात तीन पोलीस मेले. पुढच्याच महिन्यात सिडनी स्ट्रीटचा वेढा पडला आणि पोलिसांकडची हत्यारं किती कमी पडतात ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच १९११ सालात तिथल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी वेब्लीचं .३२ स्वयंचलित पिस्तूल स्वीकारलं. कंपनी तेच पिस्तूल साध्या गिऱ्हाइकालाही विकत होती, आणि संग्राहकांच्या बोलण्यात सगळ्यांनाच ‘पोलीस मॉडेल’ नाव चिकटलं. म्हणजे हे जातीचं नाव झालं, नोकरीचा दाखला नव्हे.

दाखला हवा असेल तर मुकुट आणि त्याखाली ‘एमपी’ अशी अक्षरं शोधा. इथे फसगत होते ती मुकुटामुळे. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या शिक्क्यांवरही मुकुट असतो आणि त्याखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ किंवा ‘एनपी’ असतं. नळी दाब सोसते का, याच्या चाचणीची ती खूण. ‘एनपी’ म्हणजे धूररहित दारूवर घेतलेली चाचणी. झिजलेला ‘बीपी’ मंद उजेडात ‘एमपी’ म्हणून सहज खपतो. दहापट भिंग न्या, तिरपा उजेड टाका. बाणाच्या टोकासारखी खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची, बहुधा लष्कराकडची. तिचा पोलिसांशी संबंध जोडू नका.

शिक्का मागाहून मारलाय का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. स्लाइडवरचं (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरचं) कंपनीचं नाव पॉलिशने बुजत आलंय, कडा गोल झाल्यात आणि पोलिसी शिक्का मात्र कोरा करकरीत, तर तो पॉलिशनंतरचा. पिस्तूल सगळं एकदम झिजतं, तुकड्यातुकड्याने नाही. चकचकीत नवं ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा रंग) बघून भुलू नका. अशा मालाचा इतिहास घासून गेलेला असतो.

वेब्लीऐवजी स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट या अमेरिकी कंपन्यांचं हत्यार ‘पोलिसांचं’ म्हणून पुढे आलं, तर त्यांच्या जुन्या नोंदींवरून माहितीचं पत्र मागवता येतं. त्यात बहुधा माल कधी आणि कुणाकडे रवाना झाला एवढंच कळतं. पहिलं गिऱ्हाईक घाऊक व्यापारी असेल तर पोलिसांचा माग तिथेच संपतो.

आता आपल्याकडची गोष्ट. ‘आजोबा फौजदार होते’ हे ऐकायला छान, पण फौजदाराचं खासगी पिस्तूल म्हणजे पोलीस खात्याचं पिस्तूल नव्हे. खात्यात चालणारं वेब्ली किंवा एनफिल्डचं .३८ रिव्हॉल्व्हर तर .३८० ची काडतुसं घेतं, म्हणून ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे कायद्याने सामान्यांना बंद असलेल्या मापात, मोडतं. साध्या परवान्यावर ते येतच नाही. कुणी दाखवलंच तर भाव विचारायच्या आधी काढता पाय घ्या.

कागदांची साखळी इथे हमखास तुटते ती १९५६ ला. १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. शहरालगतचं शहापूर त्याआधी सांगली संस्थानात होतं. त्यामुळे एकाच पिस्तुलाचे तीन राजवटींचे परवाने निघू शकतात: संस्थानी, मुंबईचा आणि नंतरचा कानडी. प्रत्येक परवान्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी अंक-अंक ताडून बघा. एका अंकाचा फरक ‘कारकुनाची चूक’ म्हणून सोडून देऊ नका. नंबर खोडणं किंवा बदलणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि उत्तर तेव्हा हत्यार ज्याच्या हातात असेल त्याने द्यायचं.

वस्तू म्हणून? मजबूत, ठोकळेबाज, वजन साधारण ५७० ग्रॅम, मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) आठ गोळ्या. हातात बसतं, दिसायला देखणं मुळीच नाही. कमजोर जागा मुठीच्या उजव्या पट्टीखाली: तिथे इंग्रजी ‘व्ही’ आकाराची पट्टी-स्प्रिंग असते. ती थकली की स्लाइड पुरती पुढे येत नाही. तुटली तर तयार सुटा भाग मिळणं कठीण. मुठीच्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या), जुन्या झाल्या की बिस्किटासारख्या मोडतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, आणि हे कामही पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केल्यावरच. मूळ मॅगझिन सोबत नसेल तर भाव पाडा. .३२ ऑटोच्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की पिस्तूल अडलंच. भरताना वरची कड पुढे ठेवा. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस यात चालत नाही, म्हणून परवान्यावर नुसतं ‘.३२’ लिहिलंय की ‘पिस्तूल’सुद्धा, ते वाचा.

व्यवहार खासगी असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. विकणारा गडहिंग्लजचा असेल तर त्याच्या परवान्याची हद्द बघा. नुसती महाराष्ट्रापुरती असेल तर पिस्तूल कर्नाटकची सीमा ओलांडू शकत नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच हत्यारांची मर्यादा आहे. त्याच्या नावावर आधीच दोन असतील तर विषय तिथेच संपला.

मुकुट-‘एमपी’ स्पष्ट, नंबर जुळणारे, मॅगझिन मूळचं, असा नग मिळाला तर जादा पैसे द्यायला हरकत नाही. नाहीतर साध्या जुन्या .३२ च्या भावाने मागा, आणि फौजदार आजोबांचा फोटो फुकट मागा.