डोक्याच्या मारानंतरचं रिहॅब आणि समुपदेशन: वर्ष होत आलं, आता लिहितो

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यासारख्यांना लांबलचक मजकूर शेवटपर्यंत वाचणं जड जातं. रिहॅब, म्हणजे दुखापतीनंतर पुन्हा रोजच्या कामाला लागण्याचा सराव, आणि समुपदेशन, दोन्ही घ्या, पण एकत्र घ्या. नुसते मेंदूचे व्यायाम घेतले तर ते सेंटरच्या टेबलावरच राहतात. नुसतं समुपदेशन घेतलं तर बोलणं छान होतं आणि घरी पोचेपर्यंत विसरूनही जातं.

माझी केस थोडक्यात: अपघातात कपाळाकडून मार. दाखल करताना ग्लासगो कोमा स्केल ११, म्हणजे मध्यम. ही पट्टी ३ ते १५ अशी असते. १३ पासून पुढे सौम्य, ८ किंवा त्याखाली गंभीर. घरचे त्या ११ ला धरून बसले होते. पण टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ती मांडली ती शुद्ध किती हरपली आहे हे मोजायला. हा माणूस पुढे नोकरीवर जाईल का, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. शुद्धीवर आल्यानंतरही नवीन काहीच लक्षात राहत नाही असा जो काळ असतो, तो किती लांबला यावरून अंदाज जास्त बरा येतो, असं न्यूरोसायकॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदूच्या दुखापतीचा विचार-वागण्यावर काय परिणाम झाला ते तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाने सांगितलं. माझा तो काळ बराच लांबला. म्हणे लोक भेटायला यायचे आणि मी त्यांच्याशी मजेत गप्पा मारायचो. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

घरी आलो तेव्हा चालणं-बोलणं व्यवस्थित. ‘अरे, तू तर ठणठणीत दिसतोस!’ हे वाक्य इतकं ऐकलं की आता कोणी म्हटलं तर नुसती मान हलवतो. कपाळामागचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, कामाची आखणी करतो, रागाला आवर घालतो आणि आपलं काय चुकतंय याचं भानही ठेवतो. तोच दुखावला तर आपल्याला काही झालंय हेच कळत नाही. मी ‘मला काहीही झालेलं नाही’ असं ठासून सांगायचो, आणि ते अगदी मनापासून असायचं.

यावर थेरपिस्टने जे केलं ते मला सगळ्यात जास्त पटलं. एक कागद, त्यावर आकड्यांच्या ओळीच ओळी. सगळे ७ खोडायचे आणि मध्येच बरोबर साडेतीनला तिच्याकडे फाईल मागायची. सुरू करण्याआधी ती विचारायची, ‘किती चुका होतील असं वाटतं तुम्हाला?’ मी म्हणायचो, एकही नाही. नंतर चुका मोजायच्या त्याही मीच. वरच्या ओळी चकाचक, खालच्या अर्ध्या कागदावर सात तसेच उभे, आणि घड्याळात पावणेचार. ती एक शब्द बोलायची नाही, फक्त अंदाज आणि निकाल शेजारी-शेजारी लिहायला लावायची. घरच्यांनी सांगून सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या दोन आकड्यांनी शिरलं. हळूहळू माझे अंदाज खरे व्हायला लागले. चुकाही कमी झाल्या, पण अंदाज खरा येणं जास्त कामाचं, कारण त्यानंतरच मी वही वापरायला तयार झालो.

ती वही म्हणजे स्मरणवही. आज काय करायचंय, कोणाशी काय बोलणं झालं, काय ठरलं, एवढेच भाग. ती वापरायला शिकवताना मला उत्तराचा अंदाज करूच देत नसत. उत्तर आधी सांगायचं, मग माझ्याकडून म्हणवून घ्यायचं. स्मृती दुखावलेल्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं तर तेच पक्कं बसतं, कारण चूक झाली होती हे त्याला आठवतच नाही. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्यामुळे घरोघरी प्रेमाने चालणारं ‘आठव बरं, जरा जोर दे!’ इथे उलटं पडतं. आयतं उत्तर देणं म्हणजे लाड, असं माझ्या बायकोला वाटायचं. तिला पटवण्यात थेरपिस्टचा बराच वेळ गेला.

याच बार्बरा विल्सन यांनी ब्रिटनमध्ये पेजरवरून आठवण पाठवून उपयोग होतो का, हेही तपासलं होतं, आणि होत होता. आता ते काम फोनचा अलार्म करतो, फक्त त्यात शब्द नीट टाका. नुसतं ‘औषध’ लिहिलं की मी वाचून अलार्म बंद करायचो. ‘ऊठ, कपाटातली निळी डबी, आत्ता’ असं लिहिल्यावर औषध पोटात जायला लागलं.

ब्रेन गेमचं ॲप मुलाने फोनवर टाकून दिलं होतं. लेव्हल भराभर वाढल्या, पण घरात नळ उघडा तो उघडाच. लुमॉसिटी या अशाच ॲपच्या कंपनीने डोकं सुधारण्याच्या मोठमोठ्या दाव्यांबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेसोबतच्या तडजोडीत २० लाख डॉलर भरले. वेळ घालवायला खेळा, बाकी खेळातली हुशारी खेळातच राहते.

आता समुपदेशन. पहिले काउन्सेलर माणूस म्हणून चांगले होते, पण मेंदूच्या दुखापतीचं काम त्यांनी केलेलं नव्हतं. तासभराचं सेशन, आणि सुरुवातच ‘गेल्या वेळी आपण काय बोललो?’ इथे माझी बोंब. सकाळी उठून काही सुरूच करता येत नाही म्हटलं तर ते इच्छाशक्तीवर बोलायचे. मी कामाला लागत नव्हतो यात आळस किती आणि दुखापत किती, हे ओळखता येणारा माणूसच हवा.

दुसऱ्या बाई रिहॅबच्या टीममधल्याच. अर्धा तास, एका वेळी एकच विषय, आणि शेवटी ठरलेलं माझ्याच शब्दांत त्याच वहीत. राग येण्याआधी माझा जबडा आवळतो हे त्यांनी शोधून काढलं. मग घरात सगळ्यांशी ठरलं की मी हात वर करून ‘दहा मिनिटं’ म्हटलं की आत जाणार, आणि कोणी मागे यायचं नाही. मुलाने सुरुवातीला थट्टा केली. आता तोच कधीकधी म्हणतो, ‘बाबा, दहा मिनिटं?’

बायकोची काही सेशन्स वेगळी झाली. तिथे ती म्हणाली, माणूस घरी आला, पण तोच आला का ते कळत नाही. हे तिने मला फार उशिरा सांगितलं. माणूस समोर असूनही हरवल्यासारखं वाटणं, या प्रकारच्या दुःखावर पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकापासून काम केलं आहे. ऐकून मला आधी राग आला, मग बरंच वाईट वाटलं. पण त्यानंतर घरातलं बोलणं मोकळं झालं हे खरं. घरच्यांसाठी सेशन नसेल तर मी त्या सेंटरची शिफारस करणार नाही.

तक्रारी आहेतच. वर्कशीट शाळकरी वाटतात. मोठ्या माणसाला फुलपाखरं मोजायला लावू नका. वेळ संध्याकाळची दिली होती, तेव्हा डोकं संपलेलं असतं. भांडून सकाळची घेतली. रिपोर्टमधली भाषा तर कोणासाठी लिहितात कोण जाणे. गटातल्या सेशनमध्ये दोघं-तिघंच बोलत राहतात, तरी तिथे ‘ठणठणीत दिसतोस’ कोणी म्हणत नाही, म्हणून जातो.

नाव घालण्याआधी एवढं विचारा: थेरपिस्ट आणि काउन्सेलर एकमेकांशी बोलतात का? घरी येऊन किंवा घरातली कामं घेऊन सराव करतात का? बेन-यिशाय आणि प्रिगटॅनो या अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांतच विचार, भावना आणि कुटुंब यांवर एकाच कार्यक्रमात काम सुरू केलं होतं, त्यामुळे ‘आमच्याकडे ते वेगळं असतं’ हे उत्तर मला चालत नाही.

माझं अजून काय राहिलंय? गोंगाटात दोन माणसं एकदम बोलली की मी बाद. हिशेब दोनदा तपासावे लागतात. कामावर अर्धा दिवस जातो. गाडीची किल्ली बायकोकडे आहे. ड्रायव्हिंगची वेगळी तपासणी व्हायची आहे, आणि तिची तारीख वहीत लिहिली आहे.