एमएस्सी झूऑलॉजीसाठी अंड्यांचा छोटा इन्क्युबेटर: नागपुरात वापरून पाहिला, त्याचा रिव्ह्यू

ज्यांनी डेव्हलपमेंटल बायोलॉजीचा पेपर घेतला आहे पण चिक एम्ब्रियो, म्हणजे अंड्यात वाढणारं कोंबडीचं भ्रूण, आतापर्यंत फक्त स्लाइडवर, कॅरमिनच्या रंगानं लाल केलेलाच पाहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिली आहे. कोंबडीपालनवाल्यांना यातलं अर्धं कामाचं नाही, त्यांच्यासाठी व्हिडिओ भरपूर आहेत. मशीन म्हणजे थर्मोकोलची पेटी, झाकणाला छोटा पंखा आणि हीटर, डिजिटल थर्मोस्टॅट, पाण्याचा ट्रे, अंडी फिरवायची मोटर आणि सोबत कॅन्डलिंगचा, म्हणजे टरफलातून उजेड पाडून आतलं पाहायचा टॉर्च. आम्ही तिघी मैत्रिणींनी कॉन्ट्री काढून घेतली, साडेचार हजारांच्या आत बसली. ब्रँड लिहीत नाही कारण स्टिकर सोडलं तर या भावातल्या पेट्या जवळपास सारख्याच निघतात.

माझं मत विचाराल तर घ्याच. आमच्या लॅबच्या स्लाइड चांगल्या आहेत, न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी), ऑप्टिक व्हेसिकल (डोळ्याची सुरुवात), सोमाइट (पाठीकडं जोडीजोडीनं पडणारे ठोकळे) सगळं स्वच्छ दिसते, पण स्लाइडवर हृदय म्हणजे एक वाकडी नळी, तिला लेबल लावायचं आणि पुढं जायचं. दीड दिवसाचं अंडं उघडून तीच नळी आकसताना पाहिली की मग कळते की रक्त अजून नीट फिरायलाच लागलेलं नाही, बाहेरच्या नसांचं जाळं जुळायचं आहे, आणि हृदय मात्र आधीच धडधडून राहिलं आहे. सोमाइटच्या दहा जोड्यांच्या आसपास ही धडधड सुरू होते. हे वाक्य मी बीएस्सीपासून पाठ म्हणत आली होती पण त्याचा अर्थ पेटीतल्या अंड्यानं शिकवला. टॉर्शनचंही, म्हणजे एम्ब्रियो कुशीवर वळायचंही, तसंच आहे, दोन दिवसांनंतर डोकं वळून डावी बाजू पिवळ्या बलकावर टेकते आणि आपल्याला वरून उजवी बाजू दिसते, पण स्लाइडवर एम्ब्रियो उलटा माउंट झाला असेल तर डावं-उजवं समजायला मार्गच नाही. अंड्यात तो जसा असतो तसाच पडलेला दिसते.

आता मशीनबद्दल. पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्याला ३७.५ ते ३७.८ अंश लागते आणि डिस्प्ले तेवढंच दाखवते, पण सेन्सर हीटरच्या जवळ लटकलेला आहे म्हणून डिस्प्लेवर पूर्ण भरवसा ठेवू नका. लॅबचा साधा थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर ठेवून चारही कोपरे तपासा, आमच्या पेटीत कोपरा आणि मध्य यात जवळपास एका अंशाचा फरक निघाला म्हणून अंडी मधेच ठेवतो. थोडं कमी झालं तर वाढ मागं पडते, पण जास्त झालं तर विकृती येतात आणि एम्ब्रियो मरतात, त्यामुळं चूक करायचीच असेल मशीननं तर खालच्या बाजूला करावी. लाइट गेली तर घाबरू नका, थर्मोकोल गरमी बऱ्यापैकी धरून ठेवते आणि खुडूक कोंबडीसुद्धा दाणे खायला अंड्यांवरून उठतेच ना.

नागपूरवाल्यांनी हे नक्की वाचा. या पेटीत फक्त हीटर आहे, थंड करायची काहीच सोय नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, कूलर नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० च्या आसपास असते, आणि खोलीच ४० असेल तर हीटर बंद असूनही आतलं तापमान ३८ वर येणार कुठून? कूलरच्या खोलीत ठेवली तर तापमान सुधरते पण दमटपणा वाढते, मग ट्रेमधलं पाणी कमी करावं लागते. त्याहून मोठी अडचण पेटीच्या बाहेरची आहे. अंडं घातलं जाते तेव्हाच त्यात हजारो पेशींचा ब्लास्टोडर्म, म्हणजे बलकावरची पेशींची चकती, तयार असते, कारण फलन होऊन ते दिवसभर अंडनलिकेतच असते, आणि साधारण २० अंशांच्या खाली ती वाढ थांबते. म्हणजे थंडीत टोपलीतलं अंडं बऱ्यापैकी झोपलेलं राहते, उन्हाळ्यात मात्र टोपलीतच अर्धवट वाढायला लागते आणि मग आपण पेटीत ठेवल्यापासून मोजलेल्या २४ तासांना काही अर्थ उरत नाही. म्हणून प्रॅक्टिकल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

तसंही तास लिहिण्यापेक्षा स्टेज लिहा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये अंड्यापासून पिल्लापर्यंत ४६ स्टेज ठरवल्या त्या याचसाठी, की दोन अंडी एकाच वेळी ठेवली तरी एक पुढं जाते एक मागं राहते. सोमाइटच्या जोड्या मोजायच्या, स्टेज ७ ला एक, ८ ला चार, ९ ला सात, १० ला दहा, असं तीन-तीननं स्टेज १४ ला बावीसपर्यंत. कोंबडीत साधारण दर दीड तासाला एक जोडी पडते, त्यामुळं सकाळी एक आणि संध्याकाळी एक अंडं उघडलं तर फरक मोजूनच दाखवता येते. आमच्या जर्नलमध्ये तासांऐवजी स्टेज लिहिल्या तर मॅडमना आवडलं, तोंडी परीक्षेतही त्यावरूनच प्रश्न आले.

अंडी फिरवायची मोटर आपल्या कामाची नाही, तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. पिल्लू काढायचं असेल तर २१ दिवसांपैकी पहिले १८ दिवस अंडी फिरवावी लागतात, पण आपल्याला दोन-तीन दिवसांचा एम्ब्रियो पाहायचा आहे, आणि अंडं आडवं न हलवता ठेवलं तर पिवळा बलक आतल्या आत फिरून एम्ब्रियो आपोआप वरच्या बाजूला येते. वर पेन्सिलनं खूण करायची आणि मोटर बंद. टॉर्चही तिसऱ्या-चौथ्या दिवसाआधी फारसं काही दाखवत नाही, गावरानी अंड्याचं टरफल बदामी असलं तर अजूनच कठीण.

किराणा दुकानातली पांढरी अंडी आणू नका, त्या फार्मवर कोंबडाच नसते त्यामुळं ती फलित नसतात, कितीही दिवस ठेवा काही होणार नाही. आम्हाला काटोल रोडकडच्या एका गावात काकू भेटल्या, त्यांच्या अंगणात कोंबड्यांसोबत कोंबडा आहे, त्यांना दोन दिवस आधी सांगितलं की ताजी अंडी वेगळी काढून ठेवतात. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या पोल्ट्रीच्या लोकांशीही एकदा बोलून पाहा. अंडी धुवायची नाहीत, टरफलावरचा थर निघून जाते आणि आत जंतू शिरतात.

उघडायची पद्धत कारण मशीनसोबतच्या कागदात हे काहीच नाही, तिथं फक्त पिल्लू काढायचा तक्ता आहे. आडव्या अंड्याच्या बोथट टोकाला भोक पाडून सिरिंजनं दोन-तीन मिली पांढरा बलक काढायचा, त्यानं एम्ब्रियो टरफलापासून खाली सरकते, मग खुणेच्या जागी सेलोटेप लावून बारीक कात्रीनं खिडकी कापायची. तिथंच पाहायचं असेल तर गरम सलाइनचे थेंब टाकत राहा. बाहेर काढायचा असेल तर मधे भोक पाडलेला फिल्टर पेपर एम्ब्रियोभोवती बसवायचा, कडेनं कापायचं आणि पेपरसकट उचलून वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ वाटीत) ३८ अंशांच्या सलाइनमध्ये धुवायचं. गार सलाइन घेतलं तर हृदय लगेच मंद होते, ते थांबलं असं समजून लोक एम्ब्रियो फेकून देतात, थोडं गरम करून पाहा, बरेचदा परत सुरू होते.

एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. ॲरिस्टॉटलनं रोज एक अंडं उघडून तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय पाहिल्याचं लिहून ठेवलं, पँडर या भ्रूणशास्त्रज्ञानं १८१७ मध्ये कोंबडीच्याच एम्ब्रियोत पेशींचे तीन थर ओळखले, ज्यांच्यापासून पुढं सगळे अवयव बनतात, आणि आपल्या पुण्यात प्राणिशास्त्रज्ञ लीला मुल्हेरकरांनी एडिंबरोला वॉडिंग्टन या भ्रूणशास्त्रज्ञाकडं काम करून आल्यावर चिक एम्ब्रियोवरचं काम उभं केलं. इतकी माणसं ज्याच्यावर शिकली ते आपल्याला फक्त पाठ करायला लावतात याचं वाईट वाटते. त्याच वेळी उगाच अंडी फोडू नका. आम्ही ९६ तासांच्या पुढं कधीच गेलो नाही, कॉलेजला आधी विचारलं, जेवढं पाहायचं तेवढीच अंडी ठेवली, आणि उघडलेलं अंडं कचऱ्यात तसंच टाकत नाही, आधी फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवतो. यापेक्षा मोठा एम्ब्रियो पाहायचा असेल तर स्लाइड आणि मॉडेलच वापरा असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रेत्याचं सांगायचं तर पेटी बरोबर आली पण पंखा आवाज करत होता, फोन केला तर उत्तर द्यायला बरेच दिवस लावले आणि शेवटी बदली पंखा पाठवला. तोपर्यंत आम्ही सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तसाच छोटा बारा व्होल्टचा पंखा आणून बसवला होता. थर्मोस्टॅटही तिथं सुटा मिळते, एक जास्तीचा आणून ठेवा कारण सगळी पेटी त्याच्यावर चालते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सेन्सरच्या जागेसाठी आणि त्या अर्धवट कागदासाठी. एकटीनं घेऊ नका, तिघी-चौघी मिळून घ्या, दर दोन तासांनी पाणी आणि तापमान पाहायला कोणीतरी घरी लागते. होस्टेलवर राहत असाल तर आधी वॉर्डन मॅडमना विचारा, प्लगला रात्रभर काही लावून ठेवायला बरेच ठिकाणी परवानगी नसते.