आगरातल्या घरात फोरजी राउटर आणि बाहेरचा अँटेना : उन्हाळा-पावसाळा वापरून

टॉवर वर सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर), घर खाली आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची नेटवर्कची रड इथूनच सुरू होते. जांभ्याच्या जाड भिंतीआड फोन सिग्नलची ताकद उणे 118 डीबीएम दाखवतो, म्हणजे कॉल लागला तरी तुटणार (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). अँड्रॉइडवर हा आकडा 'अबाउट फोन'मधल्या 'सिम स्टेटस'खाली दिसतो. त्याच घराच्या आढ्याच्या उंचीवर उणे 105 मिळत असेल, तर सिमकार्डाचा राउटर आणि बाहेरचा अँटेना पैसे वसूल करतात. वरही काहीच येत नसेल तर घेऊ नका. अँटेना सिग्नल गोळा करतो, तयार करत नाही. ऑनलाइन मिळणारा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवून पुन्हा सोडणारं यंत्र, तर विनापरवाना लावणंच बेकायदा आहे, शिवाय तो शेजारपाजारचंही नेटवर्क बिघडवतो.

अँटेनाच्या खोक्यावरच्या डीबीआयला (अँटेनाच्या क्षमतेच्या आकड्याला) भुलू नका, खरा खेळ केबलचा. एलएमआर-200 या प्रकारची 10 मीटर अँटेना केबल 2300 मेगाहर्ट्‌झवर 5 डेसिबलच्या आसपास खाते. वर मिळालेल्यातलं जेमतेम एक तृतीयांश राउटरपर्यंत पोचतं. सोबत येणारी बारीक काळी केबल त्याहून खादाड. म्हणून राउटर टीव्हीशेजारी न मिरवता भिंतीच्या वरच्या टोकाला लावा आणि केबल 3-4 मीटरांत संपवा. अगदी कौलांखाली मात्र नको, मे महिन्यात तापून तो बंद-चालू होत राहतो.

दिशा लावताना राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, तोच डीबीएमचा आकडा) इतकंच एसआयएनआरकडे (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) लक्ष द्या. अँटेना 10-10 अंश फिरवा आणि दर वेळी अर्धा मिनिट थांबा, आकडा सावकाश बदलतो. जवळचा टॉवरच चांगला असं नाही. मध्ये डोंगर नसलेला खाडीपलीकडचा टॉवर लांब असूनही बऱ्याचदा जास्त एसआयएनआर देतो.

मोकळा सोडलेला राउटर बऱ्याचदा बँड 40 (2300 मेगाहर्ट्झचा फ्रिक्वेन्सीपट्टा) धरून बसतो. उन्हाळ्यात झकास चालतं. माड-पोफळींची पानं भिजली की 2300 गळपटतं. त्यामुळे बँड लॉकची, म्हणजे आपण निवडलेल्याच बँडवर राहायची सोय असलेलाच राउटर घ्या. पावसाळ्यात त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या बँड 3 वर, किंवा तुमच्या सिमकार्डाला मिळत असतील तर 5 वा 8 वर अडकवून ठेवा. वेग घटतो, पण कॉल टिकतो.

सगळ्यात जास्त त्रास कनेक्टरचा. त्यावरची साधी इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते, पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपतं आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. लक्षण असं : सर आली की सिग्नल पडतो आणि दोन दिवस ऊन पडलं की सुधारतो. लोक कंपनीला शिव्या घालत बसतात! स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून काळी टेप मारा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतील. क्लॅम्प 304 स्टीलचे हवेत, खाऱ्या हवेत साधे गंजतात. जांभ्यात गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची खुंटी) ढिली पडते, तेव्हा बोल्ट भिंतीतून आरपार काढा. वानरं पाइपाला लोंबकळून दिशा बदलतात. दोन क्लॅम्पांमध्ये निदान दीड फूट अंतर ठेवलं तर पाइप फिरत नाही.

पाइपाला अर्थिंग कराच. प्लग आणि अँटेनाची केबल वीज कडाडण्याआधी काढायची. कडाडायला लागल्यावर केबलला हात लावू नये.

लाईट गेली तर 12 व्होल्टचा मिनी यूपीएस तीनेक तास राउटर ओढतो. टॉवरचीच बॅटरी संपली तर त्याचा उपयोग नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे नेमकं तेच झालं.

कॉलसाठी फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल राउटरच्या वायफायवरून जातो; बहुतेक हँडसेटवर बँकेचा ओटीपीही त्यावरूनच येतो. साध्या बटणांच्या फोनला ही सोय सहसा नसते, आणि घरात तोच वापरणारी म्हातारी माणसं असतात, तेव्हा खरेदीआधी बघा.

गणपतीत मात्र अँटेना हतबल. उणे 95 दाखवूनही संध्याकाळी व्हिडिओ अडकतो, कारण टॉवरवर गर्दी झालेली असते. आवाजाचा कॉल तेव्हाही लागतो. मोठ्या फाइली पाठवायच्या असतील तर चाकरमान्यांनी पहाटे पाचला उठावं.