हॅलोविनची चॉकलेटं: मोजून द्यायची की मुलांवर सोडायची?

३१ ऑक्टोबरच्या रात्री, हॅलोविनच्या सणाला, अमेरिकेतली मुलं घरोघरी फिरून गोळ्या-चॉकलेटांनी भरलेली पिशवी घेऊन घरी येतात. मग बहुतेक आईबाबा ती वरच्या फडताळात ठेवतात आणि रोज एक-दोन देतात. साखर आटोक्यात राहते, हे खरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते दोन वर्षांपुढच्या मुलांच्या पोटात दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. पण महिनाभर मुलाचा जीव त्या फडताळातच अडकतो, रोज नवी घासाघीस!

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचा मार्ग उलटा आहे. पहिले दोन दिवस हवं तेवढं खाऊ द्या. मग पिशवी मुलाकडेच. जेवताना एक-दोन, मधल्या वेळेला हवं तेवढं. हे पाळलं नाही, तर ताबा मोठ्यांकडे. पहिल्या दिवशी पोट दुखेलही, पण पुरे कधी म्हणायचं ते मूल स्वतः शिकतं. शाळकरी मुलांसाठी मला हाच मार्ग पटतो. दातांसाठीही जेवणाबरोबरचं गोड बरं, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटते. दिवसभर चघळणं जास्त वाईट.

चार वर्षांखालच्यांना मात्र आपणच निवडून द्यावं. कडक गोळ्या घशात अडकतात, त्या आधीच बाजूला काढा.