माझी विमान कंपनी: पगार, सुट्ट्या आणि 'मी थकलेय' म्हणायची मुभा

मागच्या महिन्यात नाशिकहून मावसबहिणीचा मुलगा घरी आला होता. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात, टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, झालेलं, आणि दोन विमान कंपन्यांची नोकरीची पत्रं पिशवीत. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्याने विचारलं, "मावशी, कुठे जाऊ?" तासाचा दर, हमीचे तास (कमी उडालं तरी तेवढ्यांचे पैसे मिळतात), बॉण्डची, म्हणजे कंपनी न सोडण्याच्या कराराची, वर्षं, सगळं त्याने पिवळ्या मार्करने रंगवून आणलं होतं. दोन तास बोलले त्याच्याशी. तो गेल्यावर वाटलं, हे त्याच्यासारख्या आणखी चार जणांना कळायला हवं. म्हणून लिहितेय.

मी ए-३२० विमान उडवते. बेस मुंबई, घर ठाण्यात. या कंपनीत २०१६ साली को-पायलट म्हणून लागले, २०२२ मध्ये कमांड मिळाली, म्हणजे कॅप्टन झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच आहे आणि मला तिथेच राहायचं आहे.

आधी पैशांचं. लोक तेच पहिलं विचारतात आणि विचारायलाच हवं. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी पिंपळगावच्या द्राक्षबागेतला सव्वा एकर विकला, वर बँकेचं कर्ज काढलं. असा खर्च करून आलेल्या पोराला 'पैसा बघू नकोस' असं सांगणं मला पटत नाही. कंपनी पगार चांगला देते. को-पायलट असतानाच पाच वर्षांत माझं कर्ज फिटलं, आणि कमांड मिळाल्यावर हातात येणारी रक्कम दुपटीच्या वर गेली. पण पगारपत्रक नीट वाचायला शिका. माझ्या पत्रकात मूळ पगार एक चतुर्थांशसुद्धा नाही, बाकी सगळे भत्ते, आणि त्यातला मोठा हिस्सा फ्लाइंग अलाउन्सचा. इतकी वर्षं पीएफ आणि ग्रॅच्युइटी मोजली गेली ती मूळ पगारावर. आजारी पडलात, विमान उडवणं थांबलं, की हातात येणारा आकडा बघून घरचे घाबरतात.

फ्लाइंग अलाउन्स मिळतो तो ब्लॉक तासांचा. विमान जागेवरून हललं की मीटर सुरू, स्टँडवर येऊन थांबलं की बंद. जानेवारीतल्या एका पहाटे लखनौला धुक्यात दारं लावून आम्ही तीन तास चाळीस मिनिटं बसलो होतो. मागे दीडशेच्या वर माणसं, एक आजोबा सारखे उठून कॉकपिटच्या दारापर्यंत येत होते, केबिन क्रू त्यांना समजावून थकली होती. त्या वेळेची ड्युटी मोजली गेली, पगाराचे तास मात्र शून्य. म्हणून दरापेक्षा हमीचे तास आधी बघा. आमच्याकडे ते महिन्याला सत्तर आहेत. २०२० मध्ये मार्चअखेर देशातली प्रवासी विमानं थांबली, ती २५ मेपर्यंत सुरू झाली नाहीत. त्या काळात ही हमीच काढून घेतली होती. आधी बिनपगारी रजा, मग जितके तास उडाल तितकेच पैसे. हळूहळू सगळं परत आलं, पण दोन वर्षं लागली.

तरीही एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगते. कापला तेव्हाही पगार ठरल्या तारखेला आला. हे किती मोठं आहे ते या धंद्यातल्या माणसाला विचारा. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. तिन्ही ठिकाणी आधी पगार लांबले, मग विमानं थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं जेटचं शेवटचं विमान मुंबईला आलं, तेव्हा आमच्या क्रू रूममध्ये कोणी काही बोललं नव्हतं.

बाकीच्या सोयी थोडक्यात. आई-बाबा आणि सासूबाईंसकट सगळ्यांचा मेडिक्लेम आहे. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला एक रुपया खिशातून गेला नाही. लायसन्स गेलं तर मिळणारा विमा आहे, पण रक्कम तुटपुंजी, मी स्वतःचा वेगळा काढलाय आणि सगळ्यांनी काढावा. सबलोड तिकिटं आहेत. विमानात जागा उरली तरच बसायला मिळतं, लग्नसराईत त्यांचा काही उपयोग नाही. पण त्याच तिकिटावर आई-बाबा पहिल्यांदा काशीला गेले. बाबा गेटवर तीन तास बसून राहिले, मागे फिरायला तयारच होईनात.

बाळंतपणाबद्दल मुली खासगीत विचारतात, म्हणून उघड लिहिते. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. तरी कंपन्यांची कागदपत्रं अजून पुरुष डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेली असतात. मला कायद्याप्रमाणे सव्वीस आठवडे मिळाले, त्याआधी सेफ्टी विभागात टेबलावरचं काम मिळालं. पैसे अर्थात फ्लाइंग अलाउन्स सोडून. परतल्यावर सिम्युलेटर, मग ट्रेनरबरोबर फ्लाइट्स. बाळ वर्षाचं होईपर्यंत रात्रीची ड्युटी देणार नाही, असं बेस मॅनेजरांनी तोंडी कबूल केलं होतं. लेखी काहीच नव्हतं. त्यांनी ते एकाही रोस्टरमध्ये मोडलं नाही. हे ऋण मी विसरणार नाही.

आता कामाच्या वातावरणाबद्दल. खरं म्हणजे मला हेच लिहायचं होतं.

जुलै २०२३, संध्याकाळी साडेसातची वेळ. मुंबईत धावपट्टी २७ वर उतरत होतो. घाटकोपरच्या बाजूने काळंकुट्ट ढग, वायपर पूर्ण वेगात, तरी समोर दिवे दिसतायत न दिसतायत. हजार फुटांवर विमान स्थिर हवं, वेग ठरल्या मर्यादेत हवा. वाऱ्याचा झोत आला आणि वेग वीस नॉट्सनी वर गेला. मी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेतलं. पंचवीस मिनिटांनी पुन्हा आलो, पुन्हा तेच. दुसरा गो-अराउंड, आणि तिथून सरळ अहमदाबाद. इंधन जळलं, आमच्या ड्युटीचे तास संपले, दुसरा क्रू पाठवावा लागला, प्रवासी रात्री दोनला मुंबईला पोहोचले. कंपनीचे किती लाख गेले असतील, हिशेब करा. दुसऱ्या दिवशी मला सेफ्टी विभागाचा दोन ओळींचा मेसेज आला. अहवाल मिळाला, निर्णय योग्य, आराम करा. बस. 'दुसऱ्या कंपनीचं विमान तर उतरलं होतं' असं कोणी म्हणालं नाही.

हे आपोआप होत नाही. मला शिकवणारे कोल्हापूरचे एक कॅप्टन होते, आता निवृत्त झालेत. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, माझे हात घट्ट झाले की म्हणायचे, "पोरी, घाई कुणाला हाय? आभाळ मोकळं हाय, फिरून येऊ." अशा माणसांनी वर्षानुवर्षं सांगून सांगून कंपनीत हे रुजवलं. गो-अराउंड करणाऱ्याला जाब विचारायचा नाही, हा नियम आमच्याकडे कागदावर आहे आणि तो पाळला जातो. या एका गोष्टीसाठी मी या कंपनीला पैकीच्या पैकी गुण देते.

आणि म्हणूनच पुढचं लिहिताना जास्त त्रास होतो.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, सप्टेंबर, गणपतीचे दिवस. सलग चार दिवस मला पहाटेची ड्युटी होती, पिकअप तीन-सव्वातीनला. मग एक दिवस सुट्टी, आणि लगेच रात्री साडेअकराचं रिपोर्टिंग, मुंबई-कोलकाता-मुंबई. कागदावर सगळं नियमात. दुपारी झोपायचा प्रयत्न केला. खाली मंडळाचा स्पीकर, ढोल, दारावर वर्गणीवाले, आणि चार दिवस रात्री दोनला उठायची सवय लागलेलं शरीर. खिडकीला चादर लावली, कानात बोळे घातले. अडीच तास झोप झाली असेल. रात्री नऊला चहा करायला उभी राहिले तर साखर घातली की नाही ते आठवेना. दोनदा घातली होती.

मी ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरिंग विभागाला फोन केला. म्हटलं, मी थकलेय, आज उडवणार नाही, फटीग म्हणून नोंद करा.

पलीकडचा मुलगा ओळखीचा, चांगला आहे. म्हणाला, "मॅम, स्टँडबायवरचे पायलट संपलेत. तुम्ही सिक टाका ना, फटीग नका टाकू. तुम्हालाच त्रास होईल."

त्याने मला वाचवायलाच सांगितलं होतं. पण मी आजारी नव्हते, थकले होते. आजारी म्हणून नोंदवलं की ते रोस्टर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला तसंच्या तसं मिळतं, कारण त्यात काही चुकलंय हे कोणाला कळतच नाही. मी फटीगच लिहायला लावलं. तिसऱ्या दिवशी मेल आला: दिवसभराच्या सुट्टीनंतर थकवा कसा, याचं स्पष्टीकरण द्या. मग मीटिंग. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी रोस्टरचा प्रिंट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हेच रोस्टर आणखी तिघांनी केलं. त्यांना जमलं." शेवटी एक 'समज देण्यात येत आहे' असं पत्र माझ्या फाइलला लागलं. त्या वर्षीच्या लाइन ट्रेनरच्या, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवर नव्यांना शिकवणाऱ्यांच्या, यादीत माझं नाव येणार असं सगळे म्हणत होते. आलं नाही. कारण कोणी लेखी दिलं नाही.

माझं सोडा. त्या पत्राची बातमी क्रू रूममध्ये पसरली, त्याचं काय झालं ते सांगते. दोन महिन्यांनी पहाटे साडेचारला दिल्लीला उतरत होतो. विमान को-पायलट उडवत होता, रेडिओ माझ्याकडे. एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, फ्लाइट लेव्हल ११०, म्हणजे अकरा हजार फूट, दिली, मी ११० अशी उजळणी केली, आणि त्याने उंचीच्या खिडकीत १०० फिरवले. मी आकड्यावर बोट ठेवलं. त्याने दुरुस्त केलं, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "सॉरी मॅम. झोप झालेली नाही. पण मी प्रोबेशनवर आहे." पंचवीस वर्षांचा मुलगा. माझ्या एका पत्राने त्याला शिकवलं होतं की बोलायचं नाही. एक हजार फुटांचा फरक होता तो.

विमान खाली येताना मी 'नाही जमत' म्हटलं तर शाबासकी, आणि जमिनीवर असतानाच 'नाही जमत' म्हटलं तर पत्र. एकाच कंपनीत, त्याच माणसाला. डोकं तेच, डोळे तेच. दोन्हीकडे वेगळा न्याय का, हे मला कोणी समजावू शकलेलं नाही.

नियम बदलले, पण ओढून ताणून. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नवे नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर, आणि कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याचे अहवाल डीजीसीएला द्यायचे. लागू व्हायचे होते जून २०२४ मध्ये. कंपन्यांनी हात वर केले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. डिसेंबरात देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण पुरेसे वैमानिकच नव्हते. लगेच तिला रात्रीच्या नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली, आणि रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरू नये, ही सूचना सगळ्यांसाठीच मागे घेतली गेली. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत एक काका लिफ्टमध्ये म्हणाले, "तुम्हा लोकांना झोप फार लागते म्हणे." मी त्यांना चहाला घरी बोलावलं आणि माझं सप्टेंबरचं रोस्टर दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले.

आखातातल्या कंपन्या बोलावतात. घर, मुलांच्या शाळेची फी, आयकर नाही. माझ्याबरोबरचे सहा जण गेले. पण कॅप्टनला २०१७ पासून एक वर्षाचा नोटीस पीरियड आहे, को-पायलटला सहा महिन्यांचा. वर्षभर थांबायला परदेशी कंपनी सहसा तयार नसते. आणि मला आई-बाबांपासून एवढं लांब जायचंही नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, मार्कर दुसऱ्या जागी फिरव. मूळ पगार किती, हमीचे तास किती आणि कोणत्या परिस्थितीत काढून घेऊ शकतात, बॉण्ड मोडला तर किती भरायचे, हे कागदावर मिळेल. पुढचं कागदावर नाही. त्या कंपनीत वर्षभरच झालेला एखादा को-पायलट गाठ, वडापाव खायला घाल, आणि विचार: कोणी फटीग नोंदवलं का? त्याचं पुढे काय झालं? तो आधी इकडेतिकडे बघत असेल, तर तुला उत्तर मिळालं. एचआरला हे विचारू नकोस, ते धोरणाची पीडीएफ पाठवतील. आमची पीडीएफसुद्धा फार सुंदर आहे.

माझ्या कंपनीला पाचपैकी तीन. पगार वेळेवर, प्रशिक्षण उत्तम, गो-अराउंडला पाठीशी उभी राहते, बाळंतपणात शब्द पाळला. दोन गुण त्या एका पत्राचे कापले. ते फाइलमधून काढून टाकावं आणि माझा फटीग रिपोर्ट स्वीकारल्याची नोंद करावी, असा अर्ज मी मार्चमध्ये दिलाय. सोबत ते रोस्टर आणि सिम्युलेटरचे गेल्या चार चेकचे निकाल जोडलेत. तीन आठवड्यांपूर्वी पोच मिळाली. उत्तर आलं की इथेच लिहीन, आणि गुणही बदलेन.