बाणेरचं ऑफिस आठ जणांत, एसएम रीट की साधं रीट? २५ लाख कुठे टाकायचे

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. व्हीआरएसचे पैसे आलेत, त्यातले २५ लाख बाजूला काढलेत, बाणेरला २ कोटींचं एक ऑफिस आहे, आठ जण मिळून घेतायत, भाडेकरू आत बसलेला आहे, साडेसात टक्के पहिल्या महिन्यापासून सुरू आणि किंमत वाढेल ती वेगळी, तर काय करू? बँकेच्या एफडीपेक्षा बरं ना?

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही, कारण २०१७ साली आम्ही पाच मित्रांनी अगदी असंच केलं होतं आणि त्यात काय काय होतं ते मी जवळून बघितलंय. शेवटी मी त्यांना तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आठ जणांत ऑफिस, एसएम रीट आणि साधं रीट (रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिस, मॉल घेणारा आणि त्यांचं भाडं वाटणारा ट्रस्ट, ज्याचे हिस्से शेअरसारखे एक्सचेंजवर मिळतात), तेच इथे लिहितो. आपल्यातले बरेच लोक सध्या ह्याच विचारात आहेत असं दिसतंय.

आधी तो साडेसात टक्के. २ कोटींवर साडेसात म्हणजे वर्षाचे १५ लाख, महिन्याला सव्वा लाख. पण पुण्यात स्टँप ड्युटी ७ टक्के धरा, म्हणजे १४ लाख आणि वर नोंदणीचे ३० हजार. म्हणजे तुमचे खरे पैसे गेले २ कोटी १४ लाख. आता समजा भाडेकरू तीन वर्षं राहिला आणि गेला, नवीन मिळायला सहा महिने लागले (कमर्शियलला सहा महिने काहीच नाहीत). साडेतीन वर्षांत भाडं आलं ४५ लाख. त्यातून प्रॉपर्टी टॅक्स आणि सोसायटी मेंटेनन्स वर्षाला दीड लाख धरला तर सव्वापाच लाख गेले, ब्रोकरला दोन महिन्यांचं भाडं अडीच लाख गेलं. उरले सव्वासदतीस लाख, म्हणजे वर्षाला १० लाख ६४ हजार. टक्केवारी काढा, ५ च्या आसपास येते. आणि हा हिशोब इन्कम टॅक्सच्या आधीचा आहे, त्यात रंगकाम, एसी, नवीन भाडेकरूला आतलं काम करायला बिनभाड्याचा दिलेला (फिटआउटचा) वेळ असलं काहीही धरलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ब्रोशरवरचा टक्का हा प्रॉपर्टीचा नसतो, तो आत बसलेल्या त्या एका भाडेकरूच्या सहीचा असतो. ती सही किती दिवस टिकणार हे बघायला लीव्ह अँड लायसन्सचं नोंदवलेलं अ‍ॅग्रीमेंटच हातात घ्यावं लागतं. दाजींना म्हटलं आधी ते मागवा. अ‍ॅग्रीमेंट ६० महिन्यांचं होतं, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ वगैरे सगळं व्यवस्थित लिहिलेलं, पण भाडेकरूचा लॉक-इन, म्हणजे ज्या काळात त्याला जागा सोडता येत नाही तो काळ, ३६ महिन्यांचा आणि त्यातले उरले होते फक्त ७. सात महिन्यांनंतर तो नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो. विकणारा हे लपवत नव्हता, कोणी विचारलंच नव्हतं.

आमचं काय झालं ते सांगतो. लॉकडाउननंतर आमच्या भाडेकरूने जागा सोडली, नऊ महिने ऑफिस रिकामं होतं, दर तिमाहीला पाच जणांनी मेंटेनन्सची वर्गणी काढायची. ते एक वेळ ठीक होतं. खरी अडचण आली जेव्हा एकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते आणि त्याला बाहेर पडायचं होतं. नोंदणीच्या उताऱ्यावर (इंडेक्स टूवर) पाच नावं, त्याचा हिस्सा अविभक्त, म्हणजे वेगळा काढून दाखवता येत नाही, बाहेरचा माणूस ऑफिसचा पाचवा हिस्सा विकत घेत नाही, घेतला तरी निम्म्या भावात मागतो. आमच्याकडे एवढे पैसे नव्हते. पूर्ण ऑफिस विकायला दोघं तयार नव्हते. शेवटी दोघांनी मिळून त्याचा हिस्सा घेतला, पण त्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, आणि वीस वर्षांची मैत्री होती ती पहिल्यासारखी राहिली नाही. ह्याचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही आधी कागदावर लिहायला हवं होतं की कोणाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची, किती महिन्यांत पैसे द्यायचे, आणि कोणी गेलं तर त्याच्या वारसांचं काय.

आता ह्याच प्रकाराचं मोठं रूप म्हणजे सिंडिकेट. एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढतात, ती जागा घेते आणि तुम्हाला कंपनीत शेअर किंवा डिबेंचर (कर्जरोखे), एलएलपीत भागीदारी मिळते. प्रायव्हेट कंपनीत २०० सभासदांची मर्यादा असते. चालवणारा दरवर्षी फी घेतो आणि विकताना नफ्यातही हिस्सा घेतो, ते ठीक आहे, काम करतो तर घेईलच. तुम्ही बघायचं ते कर्ज. समजा १० कोटींची जागा, त्यात ६ कोटी साडेनऊ टक्क्यांनी कर्ज. भाडं साडेसात टक्क्यांनी ७५ लाख, व्याज ५७ लाख, उरले १८ लाख. तुमच्या ४ कोटींवर हे साडेचार टक्के झाले! कर्ज भाड्याच्या टक्क्यापेक्षा महाग असेल तर कर्जाने परतावा वाढत नाही, कमी होतो, आणि तरी एक्सेलमध्ये शेवटी १६-१७ टक्के दाखवतात कारण पाचव्या वर्षी जागा चढ्या भावात विकली जाईल असं धरलेलं असतं. उलट भाव २० टक्के पडला तर जागा ८ कोटींची, त्यातून कर्ज ६ कोटी वजा, तुमचे ४ चे राहिले २. आणि जागा रिकामी राहिली तर हप्त्यासाठी तुमच्याकडेच पुन्हा पैसे मागतील, करारात तसं कलम आहे का ते शोधा.

ह्याच गोंधळावर उपाय म्हणून शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, मार्च २०२४ मध्ये एसएम रीट आणलं, म्हणजे छोटं आणि मध्यम रीट. ५० ते ५०० कोटींची मालमत्ता, कमीत कमी २०० गुंतवणूकदार, ९५ टक्के पैसे तयार आणि भाडं देणाऱ्या जागेतच, कमीत कमी १० लाख टाकावे लागतात, युनिट (म्हणजे तुमचे हिस्से) एक्सचेंजवर लिस्ट होतात. चालवणाऱ्यालाही स्वतःचे पैसे त्यात ठेवावे लागतात, कर्ज घेतलं तर जास्त ठेवावे लागतात, आणि मला हा नियम सगळ्यात आवडला. पहिली योजना प्रॉपशेअर प्लॅटिना, बंगळुरूची, डिसेंबर २०२४ मध्ये आली, ३५३ कोटींची. नंतर २०२५ मध्ये टायटानिया आली, ती आपल्या ठाण्यातल्या एका टेक पार्कमधले मजले घेऊन. कागदपत्रं, मूल्यांकन, भाडेकरूची माहिती सगळं ऑफर डॉक्युमेंटमध्ये वाचायला मिळतं, ह्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोन गोष्टी तशाच राहतात. एक, बऱ्याचदा सगळं एकाच बिल्डिंगवर. दोन, एक युनिट १० लाखांचं असेल तर घेणारे मोजकेच, लिस्टेड आहे म्हणून सोमवारी सकाळी हव्या त्या भावात विकलं जाईल असं धरू नका.

आणि साधं रीट. एम्बसी एप्रिल २०१९ ला लिस्ट झालं, इश्यूत युनिट दिलं ३०० च्या भावाने, माइंडस्पेस २०२० मध्ये २७५ ने, ब्रुकफील्ड २०२१ मध्ये २७५ ने, नेक्सस २०२३ मध्ये १०० ने. म्हणजे हिंजवडीचं टेकझोन, ऐरोलीचा माइंडस्पेस, येरवड्याचं कॉमरझोन, औंधचा वेस्टएंड मॉल, सीवूड्सचा मॉल, ज्यांच्यासमोरून आपण रोज जातो त्यात थोडी थोडी मालकी, आणि एक युनिटसुद्धा घेता येतं. ८० टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणारी हवी, वाटता येण्याजोग्या रकमेतले ९० टक्के वाटावेच लागतात, कर्जाला ४९ टक्क्यांची मर्यादा. शेकडो भाडेकरू असतात, एक गेला तर तुम्हाला कळतही नाही. तोटा असा की भाव शेअरसारखा रोज हलतो. ब्रुकफील्डचं युनिट २०२३ मध्ये इश्यूच्या भावाखाली होतं, ज्याला तेव्हाच पैसे लागले त्याने नुकसानीत विकलं. वाटप साधारण ६ टक्क्यांच्या आसपास धरा, त्याहून जास्त स्वप्न बघू नका.

टॅक्समध्ये स्वतःच्या नावाची जागा थोडी पुढे आहे हे मान्य, भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रीटच्या वाटपात व्याज, डिव्हिडंड, मुद्दलाची परतफेड असे तुकडे असतात, व्याजाचा भाग तुमच्या स्लॅबने लागतो, म्हणून ३० टक्के स्लॅबवाल्याने आणि निवृत्त माणसाने एकच आकडा बघून चालत नाही. विकताना मात्र दोन्हीकडे १२.५ टक्के, जागा २४ महिन्यांनंतर, लिस्टेड युनिट १२ महिन्यांनंतर, आणि युनिटला वर्षाला सव्वा लाखाची सूट.

तर दाजींना मी स्पष्ट सांगितलं. तुम्ही साठीला आलात, ताईची तब्येत अधूनमधून बिघडते, एका दिवसात ५ लाख काढायची वेळ येऊ शकते, मग २५ पैकी पंचवीसही लाख सात महिन्यांच्या लॉक-इनवर ठेवू नका. जमिनीचं आकर्षण आहे तर १० लाखांचं एसएम रीट बघा, तेही ऑफर डॉक्युमेंटमध्ये भाडेकरूचा उरलेला लॉक-इन वाचूनच, बाकीचे ९ लाख दोन-तीन साध्या रीटमध्ये महिन्याला थोडे थोडे, आणि ६ लाख एफडीत राहू द्या. ज्याला पन्नाशीच्या आत पगार चालू आहे, १० वर्षं ह्या पैशाची गरज नाही आणि बाकीचे भागीदार सख्खे, हिशोबी आहेत, त्याने बाणेरसारखं ऑफिस जरूर बघावं, पण बिनकर्जाचं, वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) तपासून आणि बाहेर पडायचा करार टोकनच्या आधी सही करून.

दाजींनी बाणेरच्या ग्रुपला निरोप पाठवलाय, भाडेकरूने लॉक-इन नव्याने तीन वर्षं वाढवला तरच बोलू. उत्तर अजून आलेलं नाही.