हँडब्रेक दोन टकात लागला म्हणून ब्रेकचं काम झालं असं समजू नका

जुनी वॅगनआर, आल्टो, सँट्रो असलं काही चालवत असाल आणि मागचे ब्रेक करून घ्यायचे असतील तर आधी हे वाचा. आमच्या बाबांना यात 6,400 रुपयांना चुना लावलाय, आणि पैसे गेले ते गेलेच पण जास्त डोकं याने फिरलं की काम न करता वर गाडी आधीपेक्षा धोकादायक करून हातात दिली.

गाडी 2009 ची वॅगनआर. पंधरा वर्षं झाली म्हणून रीपासिंगला न्यायची होती आणि हँडब्रेक पार वर ओढला तरी सोसायटीच्या उतारावर गाडी हळूच मागे सरकायची, म्हणून बाबा घराजवळच्या एका गॅरेजला गेले (नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे). तिथल्या माणसाने डावं चाक खोललं, ड्रम काढला, आत ओलं ओलं दाखवलं आणि म्हणाला, काका लायनर संपलेत, सिलिंडर लीक आहे, दोन्ही केबल गेल्यात, अशी गाडी मी तर तुम्हाला देणारच नाही, जिवाशी खेळ आहे. (ड्रम म्हणजे मागच्या चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत ब्रेक शूज नावाच्या दोन कमानी असतात, त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर, आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने शूज ड्रमवर ढकलतो तो सिलिंडर.) सत्तरीतल्या माणसाला जिवाशी खेळ म्हटलं की तो भाव करत बसत नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, हँडब्रेक दोन टकात (म्हणजे ओढताना दोनदा टक वाजलं की) कडक, सोबत पिशवीत "जुने" ब्रेक शूज, आणि बिल म्हणजे वहीच्या कागदावर "मागचे ब्रेक पूर्ण काम" एवढंच, पैसे कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर जीपे. बाबा जाम खूश.

त्याच आठवड्यात मी ती गाडी घेऊन साताऱ्याला निघालो. गाडी ओढतच नव्हती, ॲक्सिलेटर सोडला की लगेच स्लो व्हायची, आणि शिरवळच्या आसपास काहीतरी जळल्याचा वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल, पण ट्रक गेला तरी वास तसाच. उतरून बघितलं तर मागची दोन्ही चाकं तापलेली, बाटलीतलं पाणी ड्रमवर टाकलं तर चर्र करून वाफ. पुढे खंबाटकी होता. तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड कमी होते, आणि त्या अवस्थेत पलीकडचा उतार उतरायचा म्हणजे काय ते घाटात गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको.

तिथेच हायवेलगत एक वयस्कर मेकॅनिक भेटले. त्यांनी काही न खोलता आधी हँडब्रेकच्या बुडाचं प्लॅस्टिक कव्हर काढलं आणि नट दाखवला, आटे संपेपर्यंत आवळलेला. म्हणाले, "दादा, ब्रेक नाही केलेत, नुसती केबल ताणलीय." गाडी गार झाल्यावर ड्रम काढायला घेतले तेव्हा खरी गंमत कळली. वॅगनआरचा मागचा ड्रम मधली टोपी काढून आतला मोठा नट खोलल्याशिवाय निघत नाही. उजव्या ड्रमच्या टोपीच्या कडेला वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा अख्खा गोल, कुठे ओरखडाही नाही. म्हणजे उजवी बाजू उघडलीच नव्हती! डावीकडे शूज जुनेच, लायनर पॉलिश पेपरने घासलेले आणि लोखंडावर काळा स्प्रे. पिशवीतले शूज शेजारी धरले तर गोलाई वेगळी, स्प्रिंगची भोकं वेगळी, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे. केबल पण जुन्याच.

सिलिंडरचं तर विचारूच नका. रबरी टोपण उचलून बघितलं, आत कोरडं ठणठणीत. शिवाय सिलिंडर बदलायचा तर ब्रेकची पाइप सुटते, लाइनमध्ये हवा शिरते, मग निपल (सिलिंडरमागचा छोटा स्क्रू) सैल करून ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं, करावंच लागतं, आणि आमच्या निपलवर जुना गंज आणि मातीचं पुटं जसंच्या तसं. बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइलसुद्धा तेच काळपट, लेव्हल मात्र मॅक्सला. लीक असतं तर ती लेव्हल कधीच उतरली असती. माझी तर खात्री आहे की बाबांना जे ओलं दाखवलं ते आधी पिचकारी मारलेलं होतं. खरं लीक जुनं असेल तर ब्रेकच्या धुळीत मिसळून काळा चिकट लगदा होतो, चकचकीत थेंब नाही दिसत.

मूळ दोष काय होता तर ड्रमच्या आतला ॲडजस्टर गंजून जाम झाला होता. लायनर झिजतात तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, ते भरून काढायला हा ॲडजस्टर असतो आणि पायाचा ब्रेक दाबला की तो आपोआप पुढे सरकतो. जाम झाला की अंतर वाढत जातं आणि हँडब्रेक वर वर यायला लागतो. अशा वेळी नुसती केबल आवळली की वर कडक लागतं, पण शूज ड्रमला घासत राहतात, आणि केबलने शूवरचा लिव्हर ओढूनच धरल्यामुळे ॲडजस्टर नंतरही काम करत नाही. म्हणून क्रम असा की आधी केबल पूर्ण सैल, ड्रम काढून साफसफाई, ॲडजस्टर मोकळा करायचा, ड्रम लावून ब्रेक जोरात पंप करायचा म्हणजे अंतर सेट होतं, आणि सगळ्यात शेवटी केबल. हायवेवरच्या त्या मेकॅनिकनी हेच केलं. लायनर अजून भरपूर शिल्लक होते, एक पार्ट बदलला नाही, 500 घेतले. आता सहाव्या टकाला लागतो, आणि हँडब्रेक सोडून चाक उचललं तर हाताने मोकळं फिरतं. गाडी ताब्यात घेताना ही चाक फिरवायची टेस्ट मागाच, जॅक लावायला पाच मिनिटं लागतात, जो नाही म्हणेल त्याचं काय ते समजून जा. पार्ट बदलला म्हणाले तर नवीन पार्टचा खोका मागा, त्यावर एमआरपी छापलेली असते, आणि ड्रम दोन्ही बाजूंचे डोळ्यासमोर उघडायला लावा.

चिखलाच्या पापुद्र्याचे, नटाचे, निपलचे सगळे फोटो शिरवळलाच काढले होते. ते घेऊन गॅरेजला गेलो तर आधी म्हणे "पोराने केलं असेल, मला माहीत नाही", मग म्हणे "काकांनीच कडक करायला सांगितलं होतं", आणि बाजूला दोन गिऱ्हाईकं उभी आहेत बघितल्यावर 3,000 परत केले. बाकीचे 3,400 म्हणजे "लेबर" म्हणतोय, न उघडलेल्या ड्रमचं लेबर. पक्कं बिल मागितलं तर देत नाही, पण जीपेची एंट्री आणि तो वहीचा कागद आहे. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकलीय.